पैदासकाराचा धर्म

जातिवंत कुत्र्यांच्या पिलांना आईबापांकडून मिळणाऱ्या सांधेदोषांत खुब्याचा दोष सर्वांत जास्त अभ्यासला गेला आहे. पशुवैद्य त्याला हिप डिस्प्लेशिया म्हणतात. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोबणीत घट्ट बसावा, अशी या सांध्याची रचना असते. दोष असलेल्या पिलात तो सैल राहतो. जन्माच्या वेळी सांधा बहुधा धडधाकटच असतो. पुढल्या काही आठवड्यांत त्याला धरून ठेवणारे बंध ढिले पडत जातात, वाढत्या वजनाखाली माथा खोबणीत सरकू लागतो, खोबण उथळ होते, कूर्चा झिजते आणि शरीर ती झीज भरून काढण्यासाठी सांध्याच्या कडेकडेने नवे हाड घालू लागते. त्या नव्या हाडाने सांधा आखडतो. पाच-सहा महिन्यांचे पिलू उठताना मागचा भाग कष्टाने उचलते, पळताना मागचे दोन्ही पाय जोडीने टाकते, पायऱ्या टाळते. काही कुत्र्यांत पहिली दोन-तीन वर्षे काहीच जाणवत नाही आणि मग ऐन उमेदीतले जनावर बसल्या जागेवरून उठेनासे होते. लॅब्राडोर, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड यांच्यात असाच दोष पुढच्या पायांच्या कोपरात येतो. पॉमेरेनियनसारख्या लहान कुत्र्यांत गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते.

नैतिक विचारासाठी यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पिलू विकले जाते ते साधारण दोन महिन्यांचे असताना, आणि दोष दिसतो तो त्यानंतर कित्येक महिन्यांनी. तोवर व्यवहार पुरा झालेला असतो आणि घरातल्या माणसांचा पिलावर जीव जडलेला असतो. ज्याने नर-मादीची जोडी लावली त्याच्या डोळ्यांसमोर ते पिलू कधी लंगडत नाही. कृती एका अंगणात होते, तिचे फळ दुसऱ्याच्या ओसरीवर भोगले जाते, आणि भोगणारा तिसराच असतो. कर्म आणि फळ यांच्यात इतके अंतर पडले की जबाबदारी नाकारणे सोपे होते. म्हणूनच हा प्रश्न पशुवैद्यकापुरता राहत नाही, तो धर्माचा होतो.

अमेरिकेत गेरी श्नेल या पशुवैद्याने १९३५ साली कुत्र्यांतला हा दोष प्रथम नोंदवला. १९६६ मध्ये तिथे ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था स्थापन झाली. कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावर त्याला गुंगी देऊन उताणे झोपवायचे, मागचे पाय सरळ ताणून एक्स-रे काढायचा आणि तज्ज्ञांकडून त्याची प्रत ठरवून घ्यायची, ही पद्धत तिने रुळवली. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेल स्मिथ यांनी सांध्याचा सैलपणाच मोजण्याची रीत बसवली. ती चार महिन्यांच्या पिलावरही वापरता येते. दोष एका जनुकाने येत नाही, अनेक जनुकांच्या लहानलहान परिणामांची बेरीज होऊन येतो. त्यामुळे रक्ताचा एक थेंब तपासून हो किंवा नाही असे उत्तर मिळत नाही. चांगल्या खुब्यांच्या आईबापांनाही कधी दोषी पिलू होते आणि दोषी आईबापांची काही पिले चांगली निघतात. पण वेतामागून वेत, पिढीमागून पिढी पाहिली तर आईबापांची निवड परिणाम करतेच. आजी-आजोबा आणि सख्खी भावंडे यांचे खुबेही पाहिले तर निवड आणखी अचूक होते. फिनलंडच्या केनेल क्लबने अशा नोंदी सर्वांना पाहता येतील अशा खुल्या ठेवल्या आहेत. पिलू घेणाऱ्याला तिथे पैदासकाराच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही.

वातावरणाचाही वाटा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. अठ्ठेचाळीस लॅब्राडोरांवर झालेल्या एका प्रदीर्घ अमेरिकी अभ्यासात निम्म्या कुत्र्यांना लहानपणापासून जोडीला ठेवलेल्या कुत्र्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणे दिले गेले. कमी खाणाऱ्यांत खुब्याचा दोष आणि संधिवात बराच कमी आढळला. त्यांचे मध्यम आयुष्य १३ वर्षे निघाले, भरपेट खाणाऱ्यांचे ११.२. नॉर्वेतल्या एका अभ्यासात तीन महिन्यांच्या आत जिने चढणाऱ्या पिलांना धोका जास्त, तर मऊ जमिनीवर मोकळे खेळणाऱ्यांना कमी असे दिसले. पैदासकार याच गोष्टींवर बोट ठेवून मालकाला दोष देतात: जास्त खाऊ घातले, गुळगुळीत फरशीवर वाढवले. त्यात तथ्य असते, पण अर्धेच. फरशी गुळगुळीत असली तरी घट्ट खुबा सहसा टिकतो. सैलपणा घेऊन आलेल्या पिलाला मात्र तीच फरशी भोवते, आणि तो सैलपणा कुणाच्या निवडीतून आला हा प्रश्न शिल्लकच राहतो.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. शुद्ध जात म्हणजे दोष आणि संकर म्हणजे आरोग्य, इतके हे सोपे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुरुग्णालयातल्या सत्तावीस हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चोवीस आनुवंशिक विकारांपैकी दहा विकार जातिवंतांत जास्त आढळले आणि कोपराचा दोष त्यांत होता. खुब्याचा दोष मात्र जातिवंत आणि मिश्र कुत्र्यांत सारखाच निघाला. म्हणजे दोन लॅब्राडोरांऐवजी लॅब्राडोर आणि शेफर्ड एकत्र आणले तरी दोघांचे खुबे तपासले नसतील तर पिलाचे काही भले होत नाही. दोष शुद्धतेत तेवढा नाही, जेवढा न पाहता जोडी लावण्यात आहे. शुद्धतेचा हव्यास त्या न पाहण्याला बळ देतो, एवढाच त्याचा अपराध. पण तोही लहान नाही.

लंगड्या पिलाचे दुःख कुणाच्या खाती मांडायचे, याला पहिले उत्तर पिलाच्याच खाती असे मिळते. त्याचे प्रारब्ध तसे होते. भारतीय परंपरेत पशुजन्माला भोगयोनी म्हटले आहे. मागचे कर्म तिथे भोगून संपवायचे, नवे कर्म तिथे जमत नाही. नवे कर्म घडते ते मनुष्ययोनीत. पैदासकाराला हे उत्तर सोयीचे वाटते, पण नीट पाहिले तर तेच त्याच्या विरुद्ध जाते. पशूला कर्तृत्व नसेल तर त्या वेतात कर्ता एकच उरतो, आणि तो माणूस आहे. मादीने नर निवडलेला नसतो. तिला वाहनात घालून नराकडे नेलेले असते, दिवस मोजलेले असतात, रक्कम ठरलेली असते. पिलू आपले पूर्वकर्म भोगत असेल असे क्षणभर मानले, तरी जोडी लावणाऱ्याने त्या दिवशी नवे कर्म केले आणि ते त्याच्याच नावावर जमा झाले. कर्मसिद्धांत दुःख सोसणाऱ्याचे समाधान करण्यासाठी कधी वापरता येईल. दुःख देणाऱ्याने तो ढाल म्हणून पुढे करणे हा त्या सिद्धांताचा विपर्यास आहे.

महाभारताच्या आदिपर्वात, पौष्यपर्वाच्या आरंभी सरमा या देवांच्या कुत्रीच्या पिलाची कथा येते. राजा जनमेजय कुरुक्षेत्रावर दीर्घसत्र करत असता एक पिलू तिथे जाते आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे येते तेव्हा सरमा आधी विचारते की तू काही अपराध केला असशील. पिलू सांगते की हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही. मग ती थेट यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते. कुणी उत्तर देत नाही, आणि ती शाप देते की तुमच्यावर नकळत भय कोसळेल. या कथेत आईसुद्धा प्रथम सोसणाऱ्याचा दोष शोधते. तो नाही हे कळताच मात्र ती प्रारब्धाकडे वळत नाही, करणाऱ्यांकडे वळते. ग्रंथकाराने त्यांचे मौन नोंदवून ठेवले आहे. शापाचे कारण मारहाणीइतकेच ते मौनही असावे असे वाटते. पैदासकारांच्या बाबतीतही मालकाला जास्त दुखावते ते हेच: पिलू लंगडू लागल्यावर केलेला फोन उचलला जात नाही.

दुसरे उत्तर हेतूचे. पिलाला दुखावे असे कोणत्याच पैदासकाराला वाटत नाही, मग दोष कसला? बौद्ध विचारात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे संकल्पात आहे. नकळत पायाखाली आलेल्या किड्याचे पाप हत्येसारखे नसते. पण याच परंपरेत अज्ञानाला सरसकट माफी नाही. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद नागसेनाला विचारतो की जाणून पाप करणारा मोठा पापी की नकळत करणारा. नागसेन नकळत करणाऱ्याकडे बोट दाखवतो: लोखंडाचा गोळा तापलेला आहे हे ज्याला माहीत नाही, तो गोळा घट्ट धरतो आणि अधिक भाजतो. नव्वद वर्षांपूर्वीच्या पैदासकाराचे अज्ञान खरे अज्ञान होते. आज एक्स-रे उपलब्ध असताना, वंशावळीचे कागद हातात असताना आणि लॅब्राडोर किंवा शेफर्डच्या खुब्याची गोष्ट प्रत्येक पशुवैद्याला ठाऊक असताना तपासणी न करणे हा अजाणतेपणा नव्हे. न पाहण्याचा निर्णय हाही निर्णयच आहे, आणि त्यामागे चेतना असते.

तिसरे उत्तर जबाबदारी वाटून विरघळवणारे आहे. पैदासकार म्हणतो, लोकांना स्वस्त आणि लवकर पिलू हवे असते. खरेदीदार म्हणतो, आम्हाला काय कळते. प्रदर्शनातला परीक्षक म्हणतो, मी समोर आलेल्या कुत्र्याची उभी राहण्याची ढब पाहतो. जैन आचारशास्त्र आणि पातंजल योगसूत्रे या पळवाटेला चांगले ओळखतात. हिंसा तीन प्रकारे घडते: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि मान डोलावून मान्य केलेली. जोडी लावणारा करतो, कागद आणि तपासणी न विचारता पिलू मागणारा करवतो, उतरत्या पाठीच्या शेफर्डला चषक देणारा अनुमोदन देतो. जबाबदारी तिघांत वाटली तरी प्रत्येकाचा हिस्सा उणा होत नाही. योगसूत्रे हिंसेच्या मुळाशी लोभ, क्रोध आणि मोह सांगतात. पैदाशीच्या धंद्यात क्रोध क्वचितच असतो. लोभ आणि मोह मात्र ठळक आहेत, आणि खरेदीदाराच्या वाट्याला येतो तो मोह.

जीवांचा व्यापार या परंपरांना मुळातच अडचणीचा वाटत आला आहे. बुद्धाने उपासकासाठी जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यात शस्त्र, मांस, मद्य आणि विष यांच्या रांगेत जिवंत प्राण्यांचा व्यापार आहे. जैन श्रावकासाठी निषिद्ध मानलेल्या पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य, म्हणजे केसाळ जिवांची खरेदी-विक्री, येते. या नियमांचा शब्दशः अर्थ घेतला तर कुत्र्यांची पैदास करून विकणेच थांबावे. समाजाने तो मार्ग कधी धरला नाही. गुरांचे बाजार भरतच आले. तरीही या निषेधांचा आशय निकालात निघत नाही. सजीवाची किंमत ठरली की त्याचे दुखणे नुकसानीच्या रकान्यात जाते, आणि ते नुकसान दुसऱ्याच्या अंगावर ढकलता आले तर ढकलावेसे वाटते. जो हा व्यापार करतोच, त्याच्यावर म्हणून जास्त बंधन येते.

शुद्धतेची कल्पना इथे जवळून पाहिली पाहिजे, आणि त्यासाठी दरेकसासारख्या योग्य जागा कमी सापडतील. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, मुंबई-हावडा लोहमार्गावरचे हे लहानसे स्थानक. जवळ हाजरा धबधबा, भोवती जंगल, आणि त्या जंगलातल्या डोंगरात कचारगडच्या गुहा. माघ पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा इथून गोंड समाजाचे लोक इथे येतात आणि ‘जय सेवा’ म्हणत एकमेकांना भेटतात. कोया पुनेम या त्यांच्या धर्मपरंपरेचे हे उगमस्थान मानले जाते. नागपूरचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी या परंपरेवर विस्ताराने लिहिले आहे. कथा अशी की कली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली होती. जंगो रायताड आणि पारी कुपार लिंगो यांच्या प्रयत्नांनी ती सुटली, आणि गुहेच्या तोंडावरची शिळा हटवताना हिरासुका पाटालीर या वादकाने प्राण दिला. सुटलेल्या मुलांना लिंगोने शिकवले, त्यांना सगांत, म्हणजे कुळांच्या गटांत, आणि गोत्रांत विभागले आणि कुणी कुणाशी सोयरिक करायची ते घालून दिले.

ती व्यवस्था आजही सांगितली जाते. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे असे गट. एका गटातली सगळी कुळे भाऊबंद, त्यांच्यात लग्न नाही. सोयरिक दुसऱ्या गटातच. परंपरा साडेसातशे गोत्रे सांगते, आणि प्रत्येक गोत्राने एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड जपायचे असते. टेकाम कुळाच्या नावात साग आहे, मरकाम कुळाच्या नावात आंबा. ज्याचे जे चिन्ह, त्याने त्याला इजा करायची नाही.

यातून लिंगोला जनुकशास्त्र ठाऊक होते असा दावा करणे चुकीचे ठरेल. याच समाजात आते-मामे भावंडांच्या लग्नाला पसंती होती आणि त्याला ‘दूध लौटावा’ असे प्रेमळ नाव होते. म्हणजे जवळच्या रक्तापासून दूर राहणे हा त्या नियमाचा एकमेव हेतू नव्हता. घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. इथे कुळाची ओळख लक्षात ठेवली जाते ती कुणाशी नाते जोडू नये हे कळण्यासाठी. पैदाशीच्या धंद्यातही वंशावळ असते, तीन-चार पिढ्यांच्या नावांचा सुबक कागद असतो. पण तो वापरला जातो तो नेमका उलट्या कामासाठी. नामांकित नराचे नाव बापाच्या बाजूलाही आणि आईच्या बाजूलाही दिसले की कागदाचे मोल वाढते. ‘लाइन चांगली आहे’ असे म्हणतात त्याचा अर्थ पुष्कळदा एकच पूर्वज पुन्हा पुन्हा आला आहे एवढाच असतो. त्या पूर्वजाच्या खुब्यातला दडलेला दोषही मग पुन्हा पुन्हा येतो. माहिती तीच, कुळाची. एका ठिकाणी ती मर्यादा घालते आणि दुसऱ्या ठिकाणी मर्यादा मोडण्याची जाहिरात होते.

दुसरा फरक मालकीचा. गोंडांच्या गोत्राला आपल्या चिन्हप्राण्यापासून काही मिळत नाही. तो विकायचा नसतो, पाळायचाही नसतो, त्याच्याकडून काम घ्यायचे नसते. नाते आहे म्हणून राखायचे. पैदासकाराचे मादीशी नाते तिच्या वेतांवर मोजले जाते. त्यामुळे तिचा एक्स-रे काढून खुबा वाईट निघाला तर तिला पैदाशीतून काढावे लागेल, ही भीतीच एक्स-रे काढू देत नाही. नात्यातून आलेले बंधन माहिती मागते, मालकीतून आलेला हक्क माहिती टाळतो. कचारगडच्या यात्रेत कुत्र्यांच्या पैदाशीचा विचार कुणी करत नसेल. पण जन्म घडवण्याचा अधिकार सगळ्या समाजाला उत्तर देऊनच वापरायचा, हे तिथले तत्त्व या प्रश्नाला थेट लागू पडते.

ज्या शुद्धतेसाठी हे सारे चालते ती फार जुनीही नाही. लंडनचा केनेल क्लब १८७३ मध्ये स्थापन झाला. जर्मन शेफर्ड ही जात माक्स फॉन श्टेफानित्स यांनी १८९९ मध्ये होरांड नावाच्या एका कुत्र्यापासून नोंदवायला सुरुवात केली. त्याआधी मेंढपाळाचा कुत्रा म्हणजे मेंढ्या राखणारा कुत्रा. त्याचा बाप कोण याच्याशी मेंढपाळाला देणेघेणे नव्हते. नोंदवही बंद झाली, बाहेरचे रक्त नाकारले गेले, आणि शंभर-सव्वाशे वर्षांत ती बंदी निसर्गनियम असल्यासारखी वाटू लागली. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही प्रक्रिया अनोळखी नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे मर्म एका वाक्यात पकडले होते: बहिर्विवाही समाजावर अंतर्विवाह लादला गेला की जात निर्माण होते. माणसांची आणि कुत्र्यांची इथे तुलना नाही. ज्या कल्पनेने माणसांत शुद्धतेच्या नावाखाली दारे बंद केली, तीच कल्पना केनेलमध्ये दारे बंद करते, आणि दोन्हीकडे बंद दाराची किंमत आत जन्मणाऱ्याने मोजायची असते.

शुद्धतेऐवजी कामावर निवड झाली तर काय होते, याचे उदाहरण मराठी मुलखाच्या दक्षिण सीमेवर आहे. मुधोळचे संस्थानिक राजे मालोजीराव घोरपडे यांनी जोपासलेला आणि इंग्लंडच्या राजालाही भेट दिलेला मुधोळ कुत्रा, आणि त्याचाच सोलापूर-सांगली-लातूरकडचा भाईबंद कारवानी, हे धावून शिकार पकडणारे कुत्रे. सशामागे धावू न शकणाऱ्या कुत्र्याची पिले कुणी ठेवत नसे. जगभरच्या नोंदींत ग्रेहाउंडसारख्या धावऱ्या जातींत खुब्याचा दोष नगण्य, तर रूपासाठी घडवलेल्या बुलडॉगमध्ये तो सर्वाधिक आढळतो, याचे एक कारण हेच. अर्थात जुनी शिकारी निवडही निर्दय होती. जे पिलू धावू शकले नाही त्याचे काय झाले ते कुणी लिहून ठेवलेले नाही. आजच्या पैदासकाराकडे एक्स-रेच्या रूपाने त्याहून दयाळू साधन आहे: दुबळे पिलू टाकून देण्याऐवजी ते जन्मालाच येऊ नये इतकी काळजी घेता येते.

इथे एक खरी तात्त्विक अडचण उभी राहते. नामदेवांनी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणे, एकनाथांनी तहानेल्या गाढवाला गंगेचे पाणी पाजणे, या कथांतली करुणा समोर असलेल्या जिवाविषयी आहे. पैदासकाराचा निर्णय मात्र ज्याचा जन्मच झालेला नाही अशा जिवाविषयी असतो. डेरेक पार्फिट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात हा पेच मांडला. दुसरी जोडी लावली असती तर दुसरेच पिलू जन्मले असते. हे लंगडे पिलू मुळी झालेच नसते. त्याचे आयुष्य लंगडे असले तरी जगण्यालायक असेल तर त्याच्यावर अन्याय झाला असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? त्याच्यापुढे पर्याय होता तो चांगल्या पायांचा नव्हता, नसण्याचा होता.

युक्तिवाद चोख आहे, तरी तो मनाला पटत नाही, आणि पटत नाही याला कारण आहे. अन्याय नेहमी एका ठरावीक जिवावरच व्हायला हवा, हे त्यातले गृहीतक. बौद्ध आचार्य शांतिदेवाने बोधिचर्यावतारात त्याच्या उलट बाजूने विचार केला: दुःखाला कायमचा मालक नसतो, दुःख दूर करायचे ते ते दुःख आहे म्हणून, कुणाचे आहे ते विचारून नव्हे. हे मान्य केले की पेच सुटतो. वेत जन्मणार हे नक्की, त्यातले प्रत्येक पिलू कोण असेल हे अनिश्चित. पण त्या वेतात किती दुःख असण्याची शक्यता आहे ते आधी ठरवता येते, आणि ते कमी करणे हे जन्म घडवणाऱ्याचे काम. पार्फिटनेही आपल्या मताचे बुद्धाच्या मताशी असलेले साम्य त्याच ग्रंथाच्या परिशिष्टात नोंदवले आहे.

कायदा या सगळ्याच्या फार मागे नाही, पण पुरताही नाही. जर्मनीच्या प्राणीसंरक्षण कायद्यात वेदनादायी पैदाशीवर स्वतंत्र कलम आहे. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीची पैदास तिथल्या प्राणीकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आले. पैदासकाराने राज्य प्राणीकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, दीड वर्षाच्या आतल्या मादीला पैदाशीसाठी वापरायचे नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत घ्यायचे नाही, तिच्या आयुष्यात पाचांहून जास्त वेते नाहीत, आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकायचे नाही, बाप-लेक किंवा भाऊ-बहीण अशा जवळच्या नात्यात जोडी लावायची नाही. पशुवैद्याचा निरोगीपणाचा दाखलाही लागतो. पण वरून धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या खुब्यात काय आहे ते हात फिरवून कळत नाही. शिवाय कायदा दीड वर्षाला परवानगी देतो आणि खुब्याची पक्की प्रत ठरते ती दोन वर्षांनी. त्या मधल्या सहा महिन्यांत पैदासकाराला थांबवणारे काही असेल तर ते त्याचे स्वतःचे मन.

खरेदीदारालाही थांबता येते. आईबापांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे अहवाल मागणे, ते नसतील तर ते पिलू न घेणे, एवढे कुणालाही शक्य आहे. दरेकसा किंवा सालेकसा यांसारख्या ठिकाणी हे आणखी आवश्यक ठरते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचे मुख्य काम गुरांचे. कुत्र्याच्या सांध्याची बारीक तपासणी आणि शस्त्रक्रिया यासाठी नागपूर गाठावे लागते, जिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दुखऱ्या खुब्याच्या मोठ्या कुत्र्याला एवढ्या प्रवासाला नेणे हाच एक त्रास. ज्याला घर राखायला कुत्रा हवा त्याला गावातल्या गावठी कुत्रीचे पिलू पुरते. तिथे आई समोर धावताना दिसते, कागदाची गरज पडत नाही.

जे पिलू लंगडे झालेच आहे त्याच्याविषयीचे कर्तव्य वेगळे आणि अधिक सरळ आहे. बहुतेक दोषी कुत्री योग्य निगेने समाधानाने जगतात: वजन आटोक्यात, मातीवर रोजचे बेताचे चालणे, पोहायला पाणी असेल तर फारच चांगले, दुखणे वाढेल तेव्हा पशुवैद्याने दिलेले वेदनाशामक. पुढच्या टप्प्यावर मांडीच्या हाडाचा माथा काढून टाकण्याची किंवा कृत्रिम सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया असते. दयामरणाचा प्रश्न थोड्याच कुत्र्यांच्या बाबतीत खरा असतो. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात असाध्य वेदनेने तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी सुई देववून मरण दिले आणि त्यावर देशभर वादळ उठले. जैन आणि सनातनी टीकाकारांचा आक्षेप जीव घेण्यालाच होता. गांधीजींचे म्हणणे असे की जिथे बरे करता येत नाही आणि सेवाही पोचत नाही तिथे वेदना संपवणे अहिंसेत बसते. त्यांनी घातलेल्या अटी कडक होत्या आणि त्या खुब्याच्या दोषाला सहसा लागू होत नाहीत, कारण इथे सेवा पोचते. खर्च परवडत नाही म्हणून वर्षाच्या कुत्र्याला संपवणे आणि त्याला दया म्हणणे त्या अटींत बसणार नाही. खर्चाचा भार उचलण्यात पैदासकाराचाही वाटा हवा.

दोषी कुत्र्याचे निर्बीजीकरण करणे मालकाच्या हाती असते. पैदासकाराच्या हाती त्याहून जास्त असते: त्या नर-मादीची जोडी पुन्हा न लावणे, दोघांचे खुबे तपासून घेणे, आणि त्याच वेतातली बाकीची पिले ज्या घरांत गेली त्या घरांना कळवणे, म्हणजे ती पिले लठ्ठ होऊ दिली जाणार नाहीत, त्यांना जिन्यांवर पळवले जाणार नाही आणि एक्स-रेवाचून त्यांच्यापासून पैदास केली जाणार नाही. हे दुसरे कुणी करू शकत नाही. ती घरे कोणती, याची नोंद फक्त त्याच्या वहीत असते.